टेबलावर एकच पुस्तक

आमच्या ठकीच्या पणजोबांनी पत्ते छापले, आजोबांनी पट छापून त्यांना नियमांची पुस्तके जोडली, आणि बापाने ते खेळ गावोगावच्या दुकानांत नेऊन पोचवले. पणजोबा म्हणजे माझे सासरे, आजोबा म्हणजे माझे यजमान, आणि बाप म्हणजे माझा मुलगा. या तिघांनाही मी वेळप्रसंगी चार शब्द सुनावले आहेत. त्यामुळे चौथ्या पिढीला सुनावण्याचा अधिकार मला आपसूक प्राप्त झाला आहे, असे मी मानते. ठकी तसे मानत नाही.

तिचे खरे नाव निराळे आहे. लहानपणी ती खोकी भरण्याच्या लांब टेबलावर लाकडी बाहुलीसारखी पाय पसरून बसे, तेव्हापासून ती ठकीच राहिली. आज कारखान्याची सारी सूत्रे तिच्या हाती आहेत आणि ती मीच दिलेली आहेत. एकदा दिलेली वस्तू परत मागण्याची आमच्या घरात पद्धत नाही. मत मात्र मी मागितल्याशिवायही देते.

आमच्या नियमपुस्तकांविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दुरुस्त आवृत्ती निघाली की आम्ही मुखपृष्ठाचा रंग बदलतो. मजकुरात एक ओळ जरी बदलली तरी रंग बदलतो. म्हणून आमचे खेळणारे आवृत्तीचा आकडा सांगत नाहीत. ‘आज निळ्याने खेळू’ किंवा ‘तांबडं काढा’ असे म्हणतात. पुस्तक टेबलाच्या मधोमध राहते, एक जण ते मोठ्याने वाचतो, आणि वाद झाला तर सगळ्यांचे हात त्याच एका पुस्तकाकडे जातात. ही शिस्त माझ्या यजमानांची. तिची थोरवी मला तरी कोणी समजावून सांगावी लागली नाही.

एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर ठकीने विषय काढला. माझा मुलगा कागद कापायच्या यंत्राशेजारी चष्मा पुसत बसला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याचे फिरणे थांबले आहे. बोलणे थांबलेले नाही.

“आजी, लोक रोज विचारतात. नियमांच्या पुस्तकाची फाइल विकत द्या म्हणतात. त्यांना फोनवर वाचायचं असतं.”

“उद्या म्हणतील, अख्खा खोकाच फोनमध्ये घालून द्या. देशील?”

“तू ना, ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर देतेस.”

“वय झालं माझं. ऐकायला थांबले तर उत्तर द्यायचं राहून जाईल.”

माझा मुलगा हसला. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो पुन्हा चष्मा पुसू लागला.

“बाकीचे सगळे विकतात,” ठकी म्हणाली. “त्याला कागद लागत नाही, गोदाम लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, पुस्तकात चूक निघाली तर पुढच्या आवृत्तीपर्यंत हात चोळत बसावं लागत नाही. फाइल बसल्या जागी दुरुस्त होते.”

“बसल्या जागी बदलतो तो नियम कसला?”

“मग चुकीचा नियम तसाच ठेवायचा?”

“ठेवायचा. पुढचं पुस्तक निघेपर्यंत सगळ्यांनी मिळून चुकीचं खेळायचं. सगळे एकसारखं चुकले की ते बरोबरच असतं.”

“आई,” माझा मुलगा म्हणाला, “हे वाक्य कर खात्यात जाऊन बोलू नकोस.”

त्याने आपले मत मुलीच्या बाजूने टाकले. दोघे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. हरल्यावर धुसफुसत बसणाऱ्यांतली मी नव्हे. मी एवढेच म्हटले की, फाइल विकायची तर आधी एकाच खेळाची विका. आणि तो खेळ ‘पैलतीर’ असू नये. त्यांनी नेमका ‘पैलतीर’ निवडला. तो आमचा सर्वांत खपणारा खेळ. नदी ओलांडण्याचा खेळ आहे. कोणी नावा चालवतो, कोणी पूल बांधतो, आणि मध्येच पुराचा पत्ता उलटतो.

मी ‘पैलतीर’ नको म्हटले त्याला कारण होते. त्या खेळाची वार्षिक स्पर्धा चौकातल्या जुन्या दुकानात भरते, आणि त्या दुकानाचे आम्ही देणे लागत होतो.

देणे पैशांचे नव्हते. माझ्या यजमानांनी ‘पैलतीर’ प्रथम बाजारात आणला तेव्हा खोकी भरताना ढीग बदलले गेले, आणि नदीच्या खेळात लहान मुलांच्या ससे पळवण्याच्या खेळाची पुस्तके गेली. एकूण एक खोक्यात! लोक नावा हातात घेऊन सशांचे नियम वाचत बसले. दुकानदारांनी माल परत पाठवायला सुरुवात केली. आम्ही बुडण्याच्या बेतात होतो. चौकातल्या त्या दुकानदाराने मात्र एकही खोका परत केला नाही. तो आमच्या घरी येऊन यजमानांकडून खेळ शिकला; आणि नवी पुस्तके छापून येईपर्यंत, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला टेबलाशी बसवून, स्वतः उभे राहून त्याने तो शिकवला. पाहता पाहता लोकांना त्या खेळाचे वेड लागले. आम्ही त्याला काही देऊ केले तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, आत्ता नको. माझ्या दुकानावर वेळ आली की बघू.”

ती वेळ त्याच्या हयातीत आली नाही. माझे यजमानही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी एकच गोष्ट माझ्यावर सोपवली: त्या माणसाचे आपल्याकडे राहिले आहे, हे विसरू नकोस.

आता दुकान त्याची मुलगी चालवते. बाई कष्टाळू आणि सरळ. ठकी तिला मावशी म्हणते. गेल्या वर्षी समोरच्या इमारतीत यंत्रांवर खेळण्याचे नवे दालन उघडले. मऊ खुर्च्या, रंगीत दिवे, थंडगार हवा. तिचे निम्मे गिऱ्हाईक तिकडे वळले. “काकू,” ती मला म्हणाली होती, “आता मला ही स्पर्धाच तारून नेते. ती हातची गेली तर दुकान बंद करीन. मग उगाच ओढत नाही बसायची.”

ठकीने फाइल विकायला काढली, आणि ती खपली. खेळणाऱ्यांची पत्रे येऊ लागली. त्यात हुशार माणसे होती. पूर आला की नाव आहे तिथेच थांबते, असा तेव्हा चालू असलेल्या तांबड्या पुस्तकातला नियम. पण लागोपाठ दोन पूर आले तर खेळ रखडतो, असे त्यांनी दाखवून दिले. ठकीने फाइल दुरुस्त केली: नाव जवळच्या काठाला लागेल. मग त्यातही खोट निघाली. तिने पुन्हा दुरुस्ती केली: नाव निघाल्या काठाला परतेल. नियम म्हणून हा तिसरा सर्वांत उत्तम होता, हे मी आजही म्हणेन. त्या दिवसांत ठकी फार खुशीत होती. चूक सापडली की ती यंत्रापाशी बसे, आणि चहा निवायच्या आत चूक नाहीशी होई.

स्पर्धेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. ठकी माझ्या मागे उभी होती. अंतिम फेरीच्या टेबलावर तिघे उरले होते: शाळेतल्या एक बाई, गॅरेजातला टोपीवाला, आणि एक दाढीवाला गृहस्थ, जो धंद्याने न्हावी आहे आणि दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या करतो. शाळेतल्या बाईंची भरलेली नाव नदीच्या मध्यावर होती. तेवढ्यात पुराचा पत्ता उलटला.

“थांबली माझी नाव,” बाई म्हणाल्या. “पुढच्या डावाला काठ.”

“थांबत नाही, काठाला लागते,” दाढीवाला म्हणाला. “माझीही लागली. जवळचा काठ.”

“अहो, परत जाते!” टोपीवाल्याने फोन वर केला. “दोघांच्या परत जातात. हे बघा, स्वच्छ लिहिलंय.”

“माझ्याकडेपण स्वच्छच लिहिलंय.”

दुकानदारीण लगबगीने आली. “एक मिनिट. आवाज नको. पुस्तक बघू.”

“कुठलं पुस्तक?” टोपीवाल्याने विचारले.

त्या दुकानात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मी पाठीमागे पाहिले. ठकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. पण पोर पुढे झाली, पळाली नाही.

“नवी फाइल बरोबर आहे,” ती म्हणाली. “जुनी असेल तर परत उतरवून घ्यायला हवी होती.”

“म्हणजे मी पैसे मोजले, घसा कोरडा करून पोरांबरोबर सराव केला, आणि माझा नियम शिळा?” दाढीवाल्याने विचारले.

“शिळा असं नाही हो...”

“ताजापण नाही ना!”

“माझ्याकडे तर छापील आहे,” शाळेतल्या बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटली. “तांबडं. तुमच्याच घरचं. ते खोटं का?”

“मावशी, तुम्ही निकाल द्या,” टोपीवाला म्हणाला. “द्याल तो मान्य.”

दुकानदारीण टेबलाकडे पाहत राहिली. नाव थांबली तर बाई जिंकत होत्या, काठाला लागली तर दाढीवाला, आणि परत गेली तर टोपीवाला. तिघेही खरे बोलत होते. कोणताही निकाल दिला तरी दोघांवर अन्याय होणार होता.

“मला नाही देता येत,” ती म्हणाली.

पट मिटला गेला. माणसे उठली. दारातून बाहेर पडताना कोणीतरी म्हणाले, “चला समोर. तिथं निदान भांडायला फक्त मशीन असतं.” हसू उमटले, आणि दुकान रिकामे झाले.

‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य घरी येईपर्यंत मी घशातच ठेवले. त्याला मला किती कष्ट पडले ते माझे मीच जाणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी उपाय घेऊन हजर झाली. रात्रभर जागल्याचे डोळ्यांवरून दिसत होते.

“आजी, फाइललाही रंग देऊ. दर दुरुस्तीला नवा. आणि जुनी फाइल उघडलीच जाणार नाही, अशी सोय करू.”

“ज्याने छापील घेतलंय त्याचं काय करणार? घरी जाऊन त्याच्या पुस्तकाला कुलूप लावणार?”

“ते सोड. रंगाबद्दल बोल.”

“तुझा फोन दे इकडे.” मी तो घेतला, नाकासमोर धरला. “आता माझ्या हातात कुठला रंग आहे, सांग बघू.”

“तू मला दाखवत नाहीयेस. कसं सांगू?”

“तेच.”

तिने हात पुढे करून फोन परत घेतला.

“फोन ज्याचा त्याच्याकडे तोंड करून असतो, ठके. चार जण चार पडद्यांत बघत बसले तर टेबलावर काय चाललंय ते बघायचं कोणी? मला चोरीची भीती नाही. कागद माझा सोयरा आहे म्हणूनही मी बोलत नाही. मला फक्त एवढंच हवं, की वाद झाला तर बोट ठेवायला सगळ्यांना एकच जागा असावी.”

“आणि मावशीचं दुकान?”

“ते तू मला विचारू नकोस. स्वतःला विचार.”

यजमानांनी माझ्यावर काय सोपवले होते ते मी तिला त्या सकाळी सांगितले. सशांच्या पुस्तकांची गोष्ट तिने विनोद म्हणून पुष्कळदा ऐकली होती. त्या गोष्टीत एक देणेही आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ती ऐकून उठली आणि म्हणाली, “फाइल आजपासून बंद. ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाला छापील पुस्तक द्यायचं. हिरवं. बाबा, कागद कधी येईल?”

“उद्या सांगतो.”

“आज सांगा.”

तिचा तो सूर ऐकून मला मनातून बरे वाटले. तो सूर माझा आहे.

हिरवे पुस्तक तिसऱ्या नियमासह निघाले. पण पुस्तक निघाले म्हणजे माणसे परत आली असे होत नाही. दुकानदारीण म्हणाली, “राहू दे गं आता. कोण येणारे पुन्हा? माझी पत गेली, ठके. निकाल देता आला नाही मला.”

“पत तुमची नाही गेली, मावशी. आमची गेली, आणि तुमच्या दारात गेली. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा.”

ठकीने स्पर्धेतल्या एकेकाचे घर आणि कामाचे ठिकाण गाठले. गॅरेजात ती टायरवर बसून टोपीवाल्याशी बोलली. शाळेतल्या बाईंना मधल्या सुट्टीत भेटली. त्यांनी तांबडे आणि हिरवे पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ पडताळली आणि एक स्वल्पविराम चुकलेला काढून दाखवला. सर्वांत अवघड गेला तो दाढीवाला. त्याने तिला आरशासमोरच्या खुर्चीत बसवले, स्वतः कात्री घेऊन मागे उभा राहिला, आणि मग म्हणाला, “हं, बोला आता.” हा सारा वृत्तांत तिनेच मला सांगितला.

“फोनमधली फाइल काढून टाका,” ती म्हणाली. “त्याऐवजी हे घ्या.”

“आणि उद्या पिवळं काढाल.”

“काढू. पण ते टेबलावर आलं तर तुम्हाला चार हातांवरून दिसेल, आणि ‘आज पिवळ्याने नाही खेळायचं’ असं म्हणता येईल. फाइलमध्ये मी नियम बदलला, तेव्हा तुम्हाला नाही म्हणायची संधीच दिली नाही. माझं तिथे चुकलं.”

तो बराच वेळ कात्री नुसतीच वाजवत राहिला. “केस मात्र फार वाढलेत तुमचे,” तो शेवटी म्हणाला. ठकी त्या दिवशी आखूड केसांनी घरी आली. दाढीवाल्याने पुस्तक ठेवून घेतले होते.

पुढे रोज संध्याकाळी कारखाना सुटला की ती दुकानात जाऊ लागली. येईल त्याला टेबलाशी बसवी, हिरवे पुस्तक मध्ये ठेवी, स्वतः न खेळता वाचून दाखवी. पहिल्या दिवसांत एखाददुसरे टेबल भरे. मी एकदा पाहायला गेले, तर बाईसाहेब पुस्तक छातीशी धरून वाचत होत्या.

“खाली ठेव ते,” मी म्हटले. “आणि वाचताना पान लोकांकडे कर. तुला पाठ हवं.”

“आजी, सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच तर वाचतेस.”

टेबलावरच्या लोकांना हे वाचनापेक्षाही आवडले. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक न पाहता म्हणून दाखवू लागली.

त्याच सुमारास एका मोठ्या विक्री-कंपनीच्या माणसाचा फोन आला. आमच्या सर्व खेळांच्या फाइल त्याला हव्या होत्या. ठकीने फोनचा आवाज मोठा करून ठेवला, म्हणून मलाही ऐकू आले.

“मॅडम, सगळे देतात, तुम्हीच अडून बसलाय. चोरीची भीती असेल तर आम्ही कुलूप लावून देतो.”

“चोरी झाली तर होऊ दे,” ठकी म्हणाली. “चोरलेलं पुस्तक टेबलावर एकच असेल तर त्यानेही खेळता येतं. तुम्ही मला चार जणांना चार पुस्तकं द्यायला सांगताय. त्यावर आमचा खेळ चालत नाही.”

“काळाबरोबर चालायला हवं, मॅडम.”

“चालतोय की. पण बसलेल्या माणसांना उठवून नाही.”

एका बाबतीत मात्र तिने माझ्याही पुढे पाऊल टाकले. पियानोचे सूर जुळवणारे एक गृहस्थ दुकानात येतात. त्यांना दिसत नाही. त्यांनी विचारले, “मला कोण वाचून दाखवणार? घरी सराव कसा करू?” मी विचारात पडले. ठकी पडली नाही. तिने सारे पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून त्यांना दिले. आणि आरंभी ठणकावून सांगितले की, हे हिरवे पुस्तक आहे. त्यांनी ते टेबलावर लावले की आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो. त्याची किंमत तिने घेतली नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला द्यायचे, विकायचे नाही, असे तिने ठरवून टाकले. मी मान हलवली. माझी मान सहसा हलत नाही.

टेबले भरत गेली. दुकानातून खोका घेऊन गेलेला एकही माणूस न शिकता घरी गेला नाही. ठकीला ताप आला त्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन बसले आणि वाचले. लोक जरा जास्तच ताठ बसले, एवढाच फरक.

हंगाम संपताना ती निकालावाचून राहिलेली स्पर्धा पुन्हा भरली. समोरच्या दालनातून काही जण खुर्च्या सोडून पाहायला आले. आमच्याकडे बसायला जागा उरली नव्हती. अंतिम फेरीत शाळेतल्या बाई आणि दाढीवाला समोरासमोर आले. ऐन मोक्याला पूर आला. दाढीवाल्याची नाव परत गेली तर तो हरत होता.

“माझ्या मते...” त्याने सुरुवात केली.

दुकानदारिणीने टेबलाच्या मधले हिरवे पुस्तक उचलले आणि पान उघडून त्याच्यापुढे धरले. त्याने ओळ वाचली. बाईंनी वाचली. मागे उभ्या असलेल्यांनी खांद्यांवरून वाकून वाचली.

“परत जाते,” दाढीवाला म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने नाव मागे नेली. “काढा चहा. हरलो.”

गर्दी ओसरल्यावर दुकानदारीण माझ्या खुर्चीपाशी आली. ठकी कोपऱ्यात सोंगट्या गोळा करीत होती.

“काकू, बाबांनी मला सांगून ठेवलं होतं. तुमच्याकडे आपलं राहिलंय, लागलं तर मागून घे. मागायला जीभ वळत नव्हती. आणि या पोरीने मागायची वेळच येऊ दिली नाही. बाबा उभे राहिले होते शेवटचा खोका जाईपर्यंत. हीपण राहिली.”

“मग?” मी विचारले. अशी गोष्ट अर्धवट सोडलेली मला चालत नाही. “स्पष्ट बोल.”

“फिटलं, काकू. सगळं फिटलं. आता आमचं तुमच्याकडे काही नाही.”

मी ठकीला हाक मारली, तिला माझ्या शेजारी उभे केले, आणि दुकानदारिणीला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले. ते ऐकण्याचा हक्क तिचा होता.